बसवून पाठवलेला पेशंट

दुसऱ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी लिहायला मला कधी वेळ लागला नाही. नाव, वय, काय झालं, काय दिलं, आणि शेवटी ठरलेलं वाक्य : पुढील उपचारासाठी पाठवीत आहे. दोन मिनिटांचं काम. माझं अक्षर चांगलं होतं. चिठ्ठी हातातून सुटली की मनावरचा भारही तिच्याबरोबर गाडीत बसून यवतमाळला जाई. हे आज लिहितो आहे, कारण दवाखाना सुटून बरीच वर्षं झाली, आणि ज्या बाईसमोर हे कबूल करायला हवं होतं ती माझी बायको गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी गेली. तिच्याबद्दल लिहायला बसलो की दिवसाला अर्धं पान होतं. घाई नाही.

ती दातांची डॉक्टर होती. आम्ही दोघं पांढरकवड्याच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका ट्रस्टच्या वीस खाटांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. मी मोठा डॉक्टर आणि ती 'दातवाल्या बाई'. लोक तिच्या तोंडावर म्हणायचे, "दात काढाले डॉक्टर कायले लागते बाई, पक्कड त सुताराजोळही हाये." ती याच जिल्ह्यातली, बोरी अरबची. उत्तर तयारच असे : "मंग सुताराजोळच जा न बाप्पा, पन भूल त्याले मागजा." मला हे कधी जमलं नाही. मी पुस्तकातला माणूस. चिडली की ती मला 'सर' म्हणे.

ते कापसाचे वाईट दिवस होते. बाहेरून गाड्या भरून माणसं आमच्या भागात येत, वह्या उघडत आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारत : शेतकरी जीव का देतात? आमच्याकडे मात्र नेहमीसारखंच सगळं येत होतं : बाळंतपणं, ताप, विंचू, फवारणीनं डोळे चुरचुरणारी माणसं, आणि हायवे. त्या हंगामात भाव बरा मिळतो म्हणून बराच कापूस आदिलाबादकडे जाई. ट्रक इतके ठासून भरलेले असत की ताडपत्री दोन्ही बाजूंनी फुगे. टायर फुटत. म्हणून हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानांना तेवढी बरकत होती.

अशाच एका दुकानातून तो आला. पस्तिशीचा, दुकान त्याचंच. दिवाळी होऊन गेलेली, सकाळचे अकरा वाजले असतील. ट्रकच्या चाकात टायर धरून ठेवायला एक लोखंडी कडं असतं. ते नीट बसलेलं नसताना हवा भरली तर ते गोफणीतल्या दगडासारखं सुटतं. ते त्याच्या तोंडावर बसलं होतं.

दुकानातल्या दोघांनी त्याला हातांवर उचलून आणलं. मागून त्याची आई. चेहरा ओळखू येत नव्हता. नाकातून, तोंडातून रक्त, खालचे दात मधोमध आत वळलेले. मी शिकलो होतो ते असं, की चेहऱ्याला एवढा मार म्हणजे मानेलाही मार समजा, आणि मान हलू देऊ नका. मी म्हटलं, टेबलावर उताणा झोपवा.

तो झोपेना. झोपवला की उसळून उठे. हातानं आम्हाला ढकले, पाय झाडी. मी मनात म्हटलं, डोक्याला मार आहे, भान सुटलं आहे. दुकानातल्या दोघांना खांदे धरायला लावले. आमच्या आयाबाईंनी पाय धरले.

"साहेब, हा त भलताच दांडगा हाये. धरल्या जाऊन नाही राह्यला," आयाबाई म्हणाल्या.

"धरा. घट्ट धरा," मी म्हणालो.

आम्ही चौघांनी त्याला दाबून धरलं होतं आणि मी दुसऱ्या हातानं चिठ्ठी लिहायला घेतली होती, हे मला नीट आठवतं. चिठ्ठीचा अर्धा भाग लिहून झाला होता. तेवढ्यात ती हातमोजे घातलेलीच आपल्या खोलीतून आली. दारातच थांबली. त्याच्या छातीकडे पाहिलं.

"उठवा त्याला."

"अगं, मान..."

"मान आहे. श्वास नाहीये. उठवा आधी."

कुणी माझ्या हुकमाची वाट पाहिली नाही. त्याला बसवलं, तिनं त्याला पुढे वाकवलं, आणि तोंडातून रक्ताची गुठळी, लाळ आणि एक तुटका दात असं सगळं फरशीवर पडलं. मग आवाज झाला. कोरड्या विहिरीत बादली आपटावी तसा, लांब, आत ओढलेला. तो श्वास घेत होता. इतका वेळ तो आमच्याशी भांडत नव्हता. त्याला फक्त बसायचं होतं.

तिनं दोन बोटं तोंडात घालून चाचपलं. माझ्याकडे न बघता सांगितलं, "जबडा दोन्ही बाजूंनी तुटलाय. समोरचा तुकडा सुटा आहे. जीभ त्याच तुकड्याला बांधलेली असते, गोऱ्ह्याचं दावं खुंट्याला बांधावं तशी. खुंटाच उपटला. उताणा टाकला की खुंट्यासकट गोऱ्हं मागं घशात जातं."

मी त्याला मान दुखते का विचारलं. त्यानं हातानं नाही म्हटलं. हातपाय हलत होते. तरी टॉवेलची गुंडाळी करून मानेला सैल आधार दिला. तेवढं तिनं करू दिलं.

आता प्रश्न पाठवण्याचा होता. हे आमच्याकडचं काम नव्हतं, यात वाद नव्हता. यवतमाळच्या मोठ्या रुग्णालयाशिवाय हा चेहरा सांधणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं. आमची गाडी दारात उभी होती. चिठ्ठी पुरी केली. नाडी बरी होती, श्वास बसल्यावर चालत होता. मला वाटत होतं, आत्ता, याच मिनिटाला निघावं.

"गाडीला अर्धा तास थांबायला सांगा," ती म्हणाली.

"अर्ध्या तासात इथं काही झालं तर?"

"आणि गाडीत झालं तर? कुठं मेला एवढाच फरक, सर."

त्या 'सर'नं मी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. ती चूक बोलत नव्हती. मला तो वाचायला हवा होता, पण त्याहून आधी तो माझ्या दारातून जायला हवा होता. या दोन इच्छा किती सारख्या दिसतात! चिठ्ठीवर तर दोन्हींसाठी एकच वाक्य लिहितात.

मग तिनं रस्ता मोजला. ती पेशंट पाठवताना नेहमी असंच करी, डोळे अर्धवट मिटून, जणू स्वतःच गाडीत बसली आहे. "मोहद्याच्या अलीकडे रस्ता उखडलाय. तिथं धक्के बसले की हा तुकडा हलणार, परत रक्त. गाडीत कोण? ड्रायव्हर आणि त्याची आई. तोंडात बोट कोण घालणार आहे? जोडमोह्याच्या पुढे तर फोनही लागत नाही. जे वाटेत बिघडणार ते इथंच बांधून टाकू. तार घालते." आणि हात धुताधुता, "पण अर्ध्या तासावर पाच मिनिटंही नाहीत हं. सूज चढतेय. दुपारपर्यंत थांबलो तर गळा आतून मिटेल, मग तारेचा काही उपयोग नाही."

म्हणजे आत्ता पाठवणं लवकर होतं आणि तासाभरानं पाठवणं उशिरा. मधे ही एवढीशी फट. मी घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवलं.

दातांच्या खुर्चीत तो मागे रेलला असता, म्हणून तिनं त्याला साध्या लाकडी खुर्चीवर उलटा बसवला, पाठीच्या फळीवर हात टेकवून. स्वतः समोर फरशीवर गुडघे टेकले. खालून वर पाहत ती काम करू लागली. मी टॉर्च आणि रक्त ओढायची नळी धरून होतो. भुलेची सुई दिली. तुटलेल्या जागेच्या अलीकडचे दोन दात आणि पलीकडचे दोन दात बारीक तारेनं एकमेकांना बांधायचे, पीळ द्यायचा, मग तीच गोष्ट दुसऱ्या बाजूला. तोंडात बोटं आणि बोटांवर रक्त. तार दोनदा निसटली. तिनं शिवी दिली नाही, पण द्यावी असा श्वास सोडला. त्याचे ग्रीसनं काळे झालेले हात फळीवर घट्ट होते. डोळे सुजून बंद होत आले होते. तरी ती म्हणाली, "आता दुखेल बरं भाऊ," की तो मान हलवून, दे, असं म्हणे.

सत्तावीस मिनिटं लागली. समोरचा तुकडा पुढे आला आणि तिथंच राहिला. जीभ पुढे आली. रक्त थांबल्यात जमा होतं.

ती उठली तेव्हा गुडघे धरून उठली. "मी यवतमाळला फोन करते, कुणाशी तरी नीट बोलते," म्हणून ऑफिसात गेली. मी त्याच्याजवळ राहिलो. आणि मला वाटलं, आपणही काही करावं.

मी बँडेजचा रोल घेतला आणि हनुवटीखालून डोक्यावर नेऊन जबडा बांधला. तुटलेला जबडा असा बांधतात हे मी विद्यार्थी असताना चित्रासह वाचलं होतं. चित्र मला पाठ होतं. छान घट्ट गाठ दिली.

त्याची आई इतका वेळ दाराशी बसून होती. ती आत आली, लेकाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पालटला.

"हे काय करून राह्यले डाक्टरसाब? त्याचा जबडा काहून बांधला?"

"हाड हलू नये म्हणून, बाई."

"अवो, असा त मुडद्याचा बांधते! आमच्यात जीव गेला का पयले हेच करते. माहा पोरगा जिता हाये ना?"

"जिवंत आहे. तुम्ही बाहेर बसा."

ती बाहेर बसली नाही. पुढे झाली आणि त्याच्या डोक्यावरची गाठ सोडू लागली. मी तिचा हात धरला. मी सहसा आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. "हा दवाखाना आहे! तुमच्या समजुती घरी ठेवा!"

"रागवा साहेब, मारा पाहिजे त. पन बांधू नका. अपशकुन हाये."

तिनं बँडेज ओढून काढलंच. आयाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या न साहेब, मायचं मन हाये." मी नवं बँडेज घ्यायला वळलो, तर बायको ऑफिसातून परत आली होती. तिनं म्हातारीच्या हातातलं रक्ताळलेलं बँडेज पाहिलं.

"हे कुणी सोडलं?"

"म्यां सोडलं बाई," म्हातारी म्हणाली, आता जरा भिऊन.

"फार बरं केलं खाला." मुसलमान घरातल्या म्हाताऱ्यांना ती खाला, म्हणजे मावशीच म्हणे. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "दोन्हीकडे तुटलेल्या जबड्याला हे नाही बांधायचं. हनुवटी मागं ढकलली जाते. मी अर्धा तास जे पुढं ओढलं, ते तुम्ही मागं दाबलं."

मी त्याच्याकडे पाहिलं. गाठ असताना तो परत अस्वस्थ झाला होता, घशात घरघर सुरू झाली होती. ते मी ऐकलं होतं आणि म्हातारीच्या गोंधळाचा भाग समजलो होतो. आता तो शांत होता.

मी म्हातारीची माफी मागितली नाही. मागायला हवी होती. पुस्तकातलं चित्र एका बाजूला तुटलेल्या जबड्याचं होतं, हे मी नंतर काढून पाहिलं. चित्राखाली तसं लिहिलंही होतं.

म्हातारीनं सांगितलेला जबडा बांधण्याचा अर्थ मला पुढं फार वर्षांनी वापरावा लागला. नागपूरच्या दवाखान्यात माझी बायको गेली तेव्हा तिथल्या सिस्टरनं विचारलं, "काका, जबडा बांधायचा आहे, मी करू की घरचं कोणी?" मी म्हटलं, मी करतो. तिच्या जबड्याला आता पुढं राहायची गरज नव्हती. गाठ पहिल्यांदा सैल बसली. परत बांधली. सिस्टर मुलीनं मधे हात घातला नाही, त्याबद्दल तिचे उपकार.

तर गाडी दारात होती. आमचा ड्रायव्हर बंजारा होता, जवळच्याच तांड्यावरचा, आणि रस्त्याबद्दल तो बोलला की आम्ही ऐकत असू. त्यानं स्ट्रेचर काढून ठेवलं होतं. याला बसवून न्यायचं म्हटल्यावर त्यानं डोकं खाजवलं.

"नेतो मॅडम. पन एक सांगू का? झोपलेला पेशंट नेला का तिथं चार जनं धावते. बसलेला नेला का म्हनते, हा त मस्त बसला हाये, ठेवा बाकड्यावर. न्हाई त मंग आल्याआल्या मायेनं आडवा करते. लोकायले बसलेला बिमार पाहवत नाही."

आम्हा दोघांनाही हे सुचलं नव्हतं. मी फोनवर सांगितलेलं आहे म्हणालो. तो म्हणाला, "फोन ज्यानं घेतला तो दारात उभा राह्यते का साहेब?"

तिनं चिकटपट्टीचा रुंद तुकडा फाडला आणि जाड पेननं, मोठ्या अक्षरात, मराठीत लिहिलं : झोपवू नका. जबडा दोन्हीकडे तुटला आहे. मी म्हटलं, इंग्रजीत लिहायला हवं, डॉक्टर वाचतील. "डॉक्टर चिठ्ठी वाचतील. हे स्ट्रेचर ओढणाऱ्यांसाठी आहे," ती म्हणाली, आणि पट्टी त्याच्या छातीवर, शर्टावर चिकटवली. त्यानं खाली मान घालून ती पाहायचा प्रयत्न केला.

मग म्हातारीला गाडीत त्याच्यासमोर बसवलं. त्यानं पुढे वाकून आईच्या खांद्यावर कपाळ टेकायचं, असं ठरलं.

"खाला, ऐका. कोणीही म्हटलं, कितीही मोठ्या डॉक्टरनं म्हटलं, तरी ह्याले उताना पडू द्याचं नाही. म्हनावं, आधी हे वाचा."

"मले वाचता येत नाही बाई," म्हातारी म्हणाली. "पन भांडता येते."

"बस, तेवढंच पाहिजे."

"यवतमाळवाल्यायचं काही खरं नाही आता," ड्रायव्हर म्हणाला आणि गाडी काढली. बारा वाजायला आले होते.

दोन तासांचा रस्ता. अडीचपर्यंत फोन यायला हवा होता. दुपारचे पेशंट मी पाहिले, पण कोणाला काय दिलं ते विचारू नका. डबा तसाच राहिला. तीन वाजले. आता मोहदा गेलं असेल, आता चढ, असं मी तिच्यासारखं मोजत होतो. पण तिला रस्ता दिसे, मला फक्त उताणा पडलेला माणूस दिसत होता. दर पाच मिनिटांनी मी ऑफिसात जाऊन फोन उचलून पाहत होतो, चालू आहे ना. साडेतीन. ती आपल्या खोलीत कुणाची तरी दाढ काढत होती. पेशंटचं ओरडणं ऐकू येत होतं, तिचं काहीच नाही. चार वाजता ती माझ्या दारात आली, "काही?" म्हणाली. मी मान हलवली. ती गेली.

सकाळी झोपवला होता तेव्हा किती मिनिटं? तीन? चार? तेवढ्यानंच काही बिघडलं असलं तर?

पाचच्या सुमारास गाडीचा आवाज आला. आम्ही दोघंही बाहेर धावलो. ती माझ्यापुढे होती. ड्रायव्हर उतरत होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही, तो नेहमीच तसा दिसे.

"फोन का नाही केलास?" मी ओरडलो.

"तीनदा केला साहेब! एंगेज लागून राह्यला तुमचा. कोनाशी एवढं बोलून राह्यलते?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. ऑफिसात जाऊन आली. "रिसीव्हर तिरका ठेवलेला आहे, सर."

"आधी त्याचं सांग," मी म्हटलं.

"बसूनच गेला साहेब. उतरलो तशे दोघं स्ट्रेचर घेऊन आले, म्हने आडवा करा. बुढी मधात उभी! म्हने, पयले वाचा. एकानं वाचलं, दुसरा म्हने असं कुठं असते का, त तिनं त्याची कॉलरच धरली. गर्दी जमली. मंग एक डॉक्टर आले, त्यायनं वाचलं, तोंडात पाह्यलं, म्हने कोनी बांधलं हे? मी सांगतलं, आमच्या दातवाल्या बाईनं. म्हने, ह्याले असाच बसवून आत घ्या. गळ्याले बारीक भोक पाडून नळी टाकली, मंग झोपवला. आता श्वास मस्त हाये. मी पाहूनच निघालो. हाडाचं उद्या-परवा करतो म्हने."

"तार सुटली नव्हती ना?" तिनं विचारलं. पहिला प्रश्न तोच.

"तार कायची सुटते मॅडम. मोहद्याच्या स्टँडजोळ गाडी हळू केली, त मागून माह्या खांद्यावर थाप. म्या म्हटलं, गेला. भेवानं पाहतो त हा डाव्या तळहातावर आंगठा घासून दाखवून राह्यला. म्हने, खर्रा!"

"काय?"

"तंबाखूचा खर्रा पाहिजे होता त्याले, मॅडम! बुढीनं असा धपाटा हानला पाठीत, म्हने, मेल्या, तोंडात तार अन् खर्रा मांगतं!"

ती हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग भिंतीला टेकून, मग दवाखान्याच्या पायरीवर खाली बसून. इतकी हसली की आयाबाई पाणी घेऊन आल्या. ड्रायव्हरला वाटलं त्याच्या सांगण्याला हसते आहे, म्हणून त्यानं धपाटा पुन्हा करून दाखवला.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "डबा आणा हो. सकाळपासून काही खाल्लं नाही आपण."

पोळ्या वाळल्या होत्या. तिथंच पायरीवर बसून आम्ही दोघांनी त्या सगळ्या खाल्ल्या, आणि ड्रायव्हरलाही दिल्या.